नोंद आणि पेहराव : यांत्रिक संदर्भलेखनाची वाटचाल

अभ्यासग्रंथातील संदर्भ, म्हणजे लेखकाने आपल्या विधानाचा आधार म्हणून दुसऱ्या ग्रंथाचा, लेखाचा किंवा दस्तऐवजाचा केलेला निर्देश, वरवर एकसंध दिसत असला तरी त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. एक म्हणजे नोंद : लेखकाचे नाव, ग्रंथाचे शीर्षक, प्रकाशनस्थळ, वर्ष, पृष्ठांक हा तपशील, आणि दुसरी म्हणजे त्या नोंदीचा पेहराव : आडनाव आधी की नाव आधी, वर्ष कंसात की शेवटी, शीर्षक तिरप्या अक्षरांत की अवतरणात, दोन घटकांमध्ये स्वल्पविराम की पूर्णविराम. आज वेबपानावर एखादी खूण टाकताच पानाच्या तळाशी संपूर्ण संदर्भ ठरावीक घाटात आपोआप उमटतो, तेव्हा यंत्र यांतील दुसरे काम करत असते आणि पहिले काम कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते. ही दोन कामे परस्परांपासून सुटी करता येतील, हा विचार मुद्रणकलेच्या पहिल्या चार शतकांत फारसा कोणी केला नव्हता, कारण नोंद जेथे लिहायची तेथेच तिला पेहराव चढवूनच ती लिहावी लागे.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी संदर्भाचे रूप हा लेखक, प्रकाशक आणि जुळारी यांच्यातील समजुतीचा भाग होता. एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाचा पहिला खंड १७७६ साली निघाला तेव्हा त्यातील टिपा खंडाच्या अखेरीस छापलेल्या होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी मृत्यूच्या काही महिने आधी प्रकाशकाला पत्र लिहून, प्रत्येक टिपेसाठी वाचकाला ग्रंथाच्या शेवटी धाव घ्यावी लागते अशी तक्रार केली आणि पुढच्या एका आवृत्तीत त्या टिपा पानांच्या तळाशी आल्या. वाचकाची सोय झाली ती जुळाऱ्याच्या खर्चाने, कारण पान बांधताना वरचा मजकूर आणि खालची टीप यांचा मेळ आता त्याला घालावा लागे, आणि लेखकाने मुद्रितावर एक टीप वाढवली की पुढच्या सगळ्या टिपांचे आकडे एकेक करून उपसून बदलावे लागत.

एकाच ग्रंथाचा लागोपाठ उल्लेख आला तर सगळा तपशील पुन्हा न छापता युरोपात लॅटिनमधील ‘इबिद’ हा शब्द घालत. मराठीत त्या जागी संस्कृतातील ‘तत्रैव’ रुळला, आणि बऱ्याच आधी येऊन गेलेल्या ग्रंथासाठी ‘उपरोक्त’ किंवा ‘पूर्वोक्त’ असे लिहिण्याची रीत पडली. जमाखर्चाच्या वह्यांत आणि दफ्तरी कागदांत हेच काम ‘कित्ता’ हा शब्द फार पूर्वीपासून करत होता. हे सगळे शब्द काटकसरीचे खरे, पण त्यांचा अर्थ त्यांच्या जागेवर अवलंबून असतो. परिच्छेद पुढेमागे हलवला किंवा मध्येच नवी टीप घातली की ‘तत्रैव’ मुकाट्याने भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते, आणि शब्द म्हणून ते शुद्धच असल्यामुळे मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही ही चूक निसटते. यंत्राने संदर्भलेखनातील जी कामे पुढे आपल्या हाती घेतली त्यांत ‘तत्रैव’ची राखण हे एक महत्त्वाचे काम होते.

या जागेच्या अडचणीवर मराठी इतिहाससंशोधनाने एक उपाय काढला होता, आणि त्याची थोरवी संगणकाच्या युगातच नीट ध्यानात येते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे या मालेचे बावीस खंड झाले. खंडात छापलेल्या प्रत्येक अस्सल कागदाला, म्हणजे पत्राला, सनदेला किंवा महजराला, स्वतःचा अनुक्रमांक दिलेला असे व त्याला ‘लेखांक’ म्हणत. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ‘शिवचरित्र साहित्य’ खंडांतही हीच पद्धत राहिली, त्यामुळे ‘राखं’ किंवा ‘शिचसाखं’ असा संक्षेप, खंडाचा क्रमांक आणि लेखांक एवढ्यावर अभ्यासकाचे काम भागू लागले. पृष्ठांक हा छापखान्याने दिलेला पत्ता असतो व पुनर्मुद्रणात तो बदलतो. लेखांक हा त्या कागदालाच चिकटलेला असल्याने आवृत्ती कोणतीही असली तरी तोच राहतो. गीतेचा अध्याय आणि श्लोक किंवा पाणिनीचे अध्याय, पाद आणि सूत्र यांच्या आकड्यांवरून स्थळ दाखवण्याच्या जुन्या परंपरेतूनच ही दृष्टी आली असावी. सर्वत्र ती साधली असे मात्र नाही. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक गाथेच्या आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून नुसता अभंगाचा क्रमांक देऊन भागत नाही. इंदुप्रकाश छापखान्याची १८६९ ते १८७३ या काळात निघालेली प्रत की आणखी कोणती, हेही सांगावे लागते.

पेहरावाचे नियम लेखी होण्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरुवात झाली. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांविषयी लिहिलेल्या प्रबंधात लेखकाचे नाव आणि वर्ष मजकुरातच कंसात देऊन संपूर्ण तपशील शेवटच्या यादीकडे सोपवला, आणि पुढे ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या रीतीचा उगम येथे दाखवला जातो. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयात मुद्रितशोधकांसाठी केलेल्या टिपणांतून १९०६ साली एक नियमपुस्तक तयार झाले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९२९ साली आपल्या नियतकालिकात अवघ्या सात पानांच्या सूचना छापल्या. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी कॅनडातील व्हॅंकुव्हर येथे जमून केवळ क्रमांकाने संदर्भ देण्याची रीत मान्य केली. सात पानांच्या त्या सूचनांचे यथावकाश जाडजूड पुस्तक झाले, हे या क्षेत्राच्या प्रकृतीला धरूनच झाले.

जोतीराव फुले यांच्या १८७३ सालच्या पुस्तकाचा निर्देश या पद्धतींनी करायचा झाला, तर एका लेखात पानाच्या तळाशी ‘जोतीराव फुले, गुलामगिरी, पुणे, १८७३’ अशी टीप येईल, दुसऱ्यात ओळीतच ‘(फुले १८७३)’ एवढे लिहून यादीत ‘फुले, जोतीराव. १८७३. गुलामगिरी. पुणे.’ असे येईल, आणि तिसऱ्यात फक्त चौकटी कंसातला सात हा आकडा दिसेल. तिन्ही ठिकाणी माहितीत तसूभरही फरक नाही. फरक आहे तो क्रमाचा, विरामचिन्हांचा आणि जागेचा. परंतु एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा तर ऐंशी-शंभर संदर्भांची यादी टंकलेखनयंत्रावर पुन्हा आरंभापासून बडवावी लागे, आणि क्रमांकांची पद्धत असेल तर मध्ये एक संदर्भ वाढल्याने पुढचे सगळे आकडे सरकत. या बिनडोक कष्टांचा कंटाळा हीच यांत्रिक संदर्भलेखनामागची खरी प्रेरणा होय.

नोंद ही स्वतंत्र वस्तू आहे, ही समज मात्र लेखकांकडून आली नाही, ती ग्रंथपाल आणि सूचिकार यांच्याकडून आली. बेल्जियममध्ये पॉल ऑटलेट आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५ साली जगातील सर्व ग्रंथांची सूची करण्याचा संकल्प सोडला आणि सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर रुंद अशा कार्डांवर ती रचायला घेतली, आणि तिच्यात एक कोटीहून अधिक कार्डे जमा झाली. एक ग्रंथ, एक कार्ड, या शिस्तीमुळे नोंद पुस्तकाच्या पानावरून उठून सुटी झाली व तिला कोठेही लावता येऊ लागले. मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळांतील ग्रंथांच्या ज्या सूची सिद्ध केल्या, त्यांच्यामागेही अशीच एकेका ग्रंथाची स्वतंत्र नोंद आहे. संस्थांना जे झेपावे ते काम एका माणसाने अंगावर घेतले, ही गोष्ट मराठी ग्रंथव्यवहाराला भूषणावह आणि थोडी लाजिरवाणीही आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट अव्रम यांनी १९६०च्या दशकात ‘मार्क’ ही रचना तयार केली, तेव्हा कार्डावरील प्रत्येक घटकाला तीन आकडी खूण मिळाली : १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, २६० म्हणजे प्रकाशन. कार्डावर माणसाला नजरेने जे कळत असे ते आता यंत्रालाही कळू लागले. त्याच सुमारास पुस्तकांना प्रमाणित क्रमांक देण्याची व्यवस्था इंग्लंडात उभी राहिली आणि १९७० साली तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

सुटी झालेली ही नोंद लेखकाच्या हस्तलिखितात आपोआप आणून बसवण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तेथील माइक लेस्क यांनी १९७८च्या सुमारास युनिक्स या संगणकप्रणालीसाठी ‘रेफर’ नावाची आज्ञावली लिहिली. तिच्यासाठी नोंदींची एक साधी फाइल करायची असे. प्रत्येक ओळीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि एक रोमन अक्षर, ए असेल तर लेखक, टी असेल तर शीर्षक, डी असेल तर वर्ष. खरी गंमत पुढे आहे. लेखकाला मजकुरात संपूर्ण संदर्भ द्यावा लागत नसे आणि नोंदीचा क्रमांकही आठवावा लागत नसे. दोन खुणांच्या मध्ये त्याने आडनाव आणि शीर्षकातील एखादा शब्द असे अर्धवट, आठवेल तेवढे लिहायचे, की आज्ञावली शब्दांच्या अनुक्रमणिकेत शोध घेऊन नेमकी नोंद काढी व तिला हव्या त्या पेहरावात छपाईसाठी पुढे पाठवी. दिलेल्या शब्दांना एकही नोंद जुळली नाही किंवा एकाहून अधिक जुळल्या तर ती तसे कळवी. जुन्या ग्रंथालयातल्या जाणत्या ग्रंथपालाला अर्धे नाव सांगावे आणि त्याने पुस्तक हातात ठेवावे, तशी ही रीत होती, आणि नंतरच्या अनेक अवजारांनी ती सोडून दिली हे दुर्दैव म्हटले पाहिजे.

पेहराव पूर्णपणे वेगळा काढण्याचे श्रेय ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या रचनेला द्यावे लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील त्यांचा प्रबंध १९८० सालचा असून लेखकाने आशय लिहावा आणि त्याच्या रूपाचे निर्णय स्वतंत्र नियमांच्या फाइलवर सोपवावेत, हे त्याचे सूत्र होते. डोनाल्ड नुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ची उभारणी केली तेव्हा स्क्राइबमधील संदर्भांची कल्पना त्यात आली, आणि स्टॅनफर्ड येथील ओरेन पाताश्निक यांनी १९८५ साली ‘बिबटेक’ ही आज्ञावली तयार करून तिला स्थिर रूप दिले. येथे प्रत्येक नोंदीला लेखक स्वतः एक टोपणनाव देतो, मजकुरात फक्त ते टोपणनाव लिहितो, आणि पेहरावाचे नियम तिसऱ्याच फाइलमध्ये असतात. त्या फाइलचे नाव बदलले की शंभर संदर्भांची यादी क्षणात वेगळ्या घाटात उभी राहते.

ही यंत्रणा किती फेऱ्यांनी चालते हे जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या फेरीत लाटेकला संदर्भ कोणता ते ठाऊक नसते, म्हणून छापील पानावर त्या जागी ठळक प्रश्नचिन्ह उमटते आणि मागितलेल्या टोपणनावांची एक याद बाजूला लिहिली जाते. दुसऱ्या फेरीत बिबटेक ती याद वाचून नोंदी शोधतो, त्यांना क्रम लावतो व सजवलेली सूची एका फाइलमध्ये ठेवतो. तिसऱ्या फेरीत ती सूची दस्तऐवजात येते आणि चौथ्या फेरीत जेथे प्रश्नचिन्ह होते तेथे आकडा बसतो. घाईच्या दिवशी शेवटची फेरी विसरलेला प्रबंध प्रश्नचिन्हांसह परीक्षकांकडे जाण्याचे प्रकार या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नवे नाहीत.

पुढे घरगुती संगणकावर ‘एंडनोट’, ‘रेफरन्स मॅनेजर’, ‘प्रोसाइट’ अशी विकाऊ अवजारे आली. त्यांनी शब्दसंस्करणाच्या, म्हणजे टंकलेखनाची जागा घेतलेल्या, प्रोग्रॅममध्ये संदर्भ घालण्याची सोय केली. मूळ कल्पनेत त्यांनी मोठी भर घातली नाही. एवढे मात्र झाले, की नियतकालिकांच्या पेहरावांचे नियम खाजगी फाइलींत बंद झाले आणि त्यांची मालकी हा वादाचा विषय होण्याची भूमी तयार झाली.

वेब अवतरले तेव्हा संदर्भलेखनाची गरजच संपेल असे काहींना वाटले असल्यास नवल नाही. दुवा, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानाकडे थेट नेणारी खूण, असताना वर्ष, प्रकाशक, पृष्ठांक यांची कटकट कशाला, असा हा विचार होता. तो थोड्याच वर्षांत फसला, कारण पाने हलतात, संकेतस्थळे बंद पडतात आणि दुवा कोठेच पोहोचत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुव्यांची पाहणी हार्वर्ड येथील अभ्यासकांनी २०१३ साली केली तेव्हा त्यांतील निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नसल्याचे आढळले. तेव्हा दुवा हवाच, पण दुवा मेला तरी वस्तूची ओळख पटेल अशी पूर्ण नोंदही हवी, हे पुन्हा सिद्ध झाले. विद्वत्तापूर्ण लेखांसाठी १९९०च्या दशकाच्या अखेरीस जो कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक निघाला, आणि २००० साली प्रकाशकांनी एकत्र येऊन स्थापलेल्या ‘क्रॉसरेफ’ने ज्याचा प्रसार केला, तो तत्त्वतः राजवाड्यांच्या लेखांकाचाच भाऊबंद आहे : वस्तू कोठेही ठेवली तरी तिचा क्रमांक तोच. दहा कोटींहून अधिक प्रकाशनांना असे क्रमांक मिळाले आहेत, मात्र मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांतील बहुतेक लेख अद्याप त्यांच्याविना आहेत.

वेबपानावरील मजकुरातून नोंद उचलणे हा नवा प्रश्न होता, कारण पानावर माणसाला दिसणारे नाव लेखकाचे आहे की छायाचित्रकाराचे हे यंत्राला कळत नाही. त्यावर एक युक्ती निघाली : पानातच वाचकाला न दिसणारी एक रिकामी खूण ठेवून तिच्यात नोंदीचे सर्व घटक गुंडाळून ठेवायचे. जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने २००६ सालच्या ऑक्टोबरात ‘झोटेरो’ हे मोफत अवजार प्रसिद्ध केले, ते अशा खुणा वाचत असे, आणि जेथे त्या नसतील तेथे त्या त्या संकेतस्थळासाठी लिहिलेल्या छोट्या ‘अनुवादकां’च्या मदतीने तपशील उचलत असे. हे नाव अल्बानियन भाषेतील ‘एखादी गोष्ट आत्मसात करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून घेतले आहे. येथे इतिहासकारांनी स्वतःसाठी अवजार घडवले, याची नोंद घेतली पाहिजे, कारण तोवरची अवजारे बहुतांशी विज्ञानशाखांच्या सोयीने घडलेली होती आणि दफ्तरातील पत्र किंवा हस्तलिखित त्यांच्या चौकटीत अवघडून बसे.

पेहरावाचे नियमही याच काळात खुले झाले. भूगोलाचे प्राध्यापक ब्रूस डार्कस यांनी संदर्भांच्या मांडणीचे नियम लिहिण्यासाठी एक स्वतंत्र भाषा आखली, ती कोणत्याही एका अवजाराच्या मालकीची नव्हती, आणि झोटेरोने ती स्वीकारली. एंडनोटची तेव्हा मालकी असलेल्या थॉमसन रॉयटर्स या कंपनीने २००८ साली व्हर्जिनिया राज्याविरुद्ध, कारण जॉर्ज मेसन विद्यापीठ त्या राज्याचे होते, एक कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. आपल्या प्रोग्रॅमची उकल करून आपल्या मांडणीच्या फाइली झोटेरोत वापरता येतील अशी सोय केली, हा तिचा आक्षेप होता. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो दावा काढून टाकला. स्वल्पविराम कोठे द्यावा या नियमांवरून कोटी डॉलरचा खटला व्हावा, हे गिबनच्या जुळाऱ्याला पटले नसते. डार्कस यांच्या भाषेत स्वयंसेवकांनी लिहिलेल्या मांडण्यांची संख्या आज दहा हजारांच्या पुढे असून त्या कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

सामान्य वाचकाला या सगळ्याची ओळख झाली ती विकिपीडियामुळे. आरंभीच्या वर्षांत तेथे टिपांचे आकडे संपादकच हाताने सांभाळत, म्हणजे खिळ्यांच्या काळातील दुखणे पुन्हा जडले होते. २००५ सालच्या डिसेंबरात आलेल्या एका सोयीमुळे संदर्भ मजकुरातच दोन खुणांच्या मध्ये लिहिला की त्याला आकडा आपोआप मिळू लागला व सगळे संदर्भ पानाच्या तळाशी गोळा होऊ लागले. संदर्भाच्या आतील तपशील लेखक, शीर्षक, वर्ष अशा कप्प्यांत भरण्यासाठी ‘साचे’ तयार झाले. हे साचे इतके गुंतागुंतीचे झाले की शेकडो संदर्भ असलेले पान जुळायला बराच वेळ लागे, म्हणून २०१३ साली ते ‘लुआ’ या संगणकभाषेत नव्याने लिहावे लागले. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात हे साचे इंग्रजीतून आले, आणि ‘संदर्भ हवा’ हा शेराही त्यांच्यासोबत रुजला; निराधार विधानाला इतक्या मोजक्या शब्दांत हटकण्याची सोय मराठी गद्यात पूर्वी नव्हती.

परंतु साच्याचे कप्पे ज्यांनी आखले त्यांची भाषा, त्यांची नावे आणि त्यांची दिनदर्शिका त्या कप्प्यांत मुरलेली असते, आणि मराठी नोंद भरताना ते पावलोपावली जाणवते. बिबटेकला दोन लेखकांची नावे एकमेकांपासून ओळखता येतात ती इंग्रजीतील ‘अँड’ या शब्दामुळे. नोंद पूर्ण मराठी असली तरी दोन नावांच्या मध्ये हा शब्द रोमन लिपीतच लिहावा लागतो, ‘व’ किंवा ‘आणि’ चालत नाही. जर्मन नावांतील ‘फॉन’सारखा घटक तो ओळखतो ते आद्याक्षर लहान लिपीत आहे यावरून, आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीतच. नावाच्या आद्याक्षरांचा घोळ याहून गमतीचा आहे. ‘विश्वनाथ काशिनाथ राजवाडे’ यांचा संक्षेप मराठी माणूस ‘वि. का. राजवाडे’ असा करतो, कारण मराठीत आद्याक्षर म्हणजे स्वरचिन्हासह पूर्ण अक्षर. परंतु नावातील केवळ पहिला संकेतांक उचलणारी आज्ञावली त्याचे ‘व. क. राजवाडे’ करून मोकळी होते. ‘श्रीधर व्यंकटेश केतकर’ या नावाची कथा आणखी पुढची. युनिकोडच्या, म्हणजे जगातील लिप्यांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणाच्या, जुन्या नियमानुसार अक्षर हलन्त चिन्हापाशी तुटत असल्यामुळे ‘श्रीधर’चे आद्याक्षर ‘श्’ असे पाय मोडलेले निघे. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम त्या प्रमाणात आला तो २०२३ साली, तेव्हा कोठे ‘श्री. व्यं. केतकर’ हे रूप यंत्राच्या आवाक्यात आले.

अकारविल्हे क्रमाचेही तसेच. संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात जातात, तर मराठी वर्णमालेत ही तिन्ही अक्षरे ‘ह’नंतर शेवटी बसतात, साहजिकच ‘ज्ञानेश्वर’ यादीच्या मध्येच कोठेतरी सापडतात. शिवाय त्यांना आडनाव नसल्याने आडनावाचा कप्पा रिकामा ठेवावा की नाव त्यातच घालावे, हे भरणाऱ्याला ठरवावे लागते. ‘कुसुमाग्रज’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ ही एकाच व्यक्तीची नावे असल्याचे यंत्राला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ‘जोतीराव’, ‘ज्योतिराव’ व ‘जोतिबा’ यांना ते तीन लेखक समजते. ग्रंथालयांत अशा नावांसाठी प्रमाण नावांची वेगळी याद राखण्याची प्रथा आहे. लेखकाच्या खाजगी फाइलमध्ये तेवढी शिस्त क्वचितच असते.

वर्षाच्या कप्प्यापाशी येऊन यंत्र अगदीच अडते. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर फक्त शके दिलेला असतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो हे सर्वांना ठाऊक असते, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना एकोणऐंशी मिळवावे लागतात, आणि पुस्तकावर महिना नसेल तर शके १८२० म्हणजे १८९८ की १८९९ हे सांगता येत नाही. हाताने सूची करणारा तेथे ‘शके १८२० (१८९८-९९)’ असे लिहून प्रामाणिकपणे पुढे जातो. साच्याला मात्र एक वर्ष हवे असते. कंसासह मजकूर घातला तर कित्येक साचे तारीख तपासण्याची सूचना लाल अक्षरांत दाखवतात, आणि ती सूचना टाळण्यासाठी दोहोंतील एक वर्ष ठोकून देण्याचा मोह संपादकाला आवरत नाही. अशा नोंदीतून निघालेला संदर्भ दिसायला निर्दोष असतो.

वेबपानाच्या संदर्भात आणखी एक कप्पा आहे, जो छापील ग्रंथाच्या संदर्भात कधीच नव्हता : ते पान कोणत्या दिवशी पाहिले त्याचा. मराठी विकिपीडियावर तो ‘रोजी पाहिले’ या शब्दांनी संपतो, आणि मूळ पान नाहीसे झाले असल्यास इंटरनेट आर्काइव्हने १९९६पासून जपलेल्या प्रतींपैकी एखादीचा दुवा त्याच्यासोबत जोडता येतो. मराठी वृत्तपत्रांच्या आरंभीच्या संकेतस्थळांसाठी ही सोय फार मोलाची आहे, परंतु त्या काळी युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता व ज्याने त्याने आपापला फाँट वापरला होता, त्यामुळे जपलेले पान उघडले तर मथळ्याच्या जागी रोमन अक्षरे, स्वरचिन्हे आणि कंस यांची एक निरर्थक माळ दिसते. संदर्भ आपोआप तयार करणारे अवजार तीच माळ शीर्षक म्हणून उचलते आणि चोख पेहरावात सूचीत बसवते. ती ओळखून दुरुस्त करायची तर कोणालातरी तो जुना फाँट शोधून आपल्या संगणकावर चढवावा लागतो, मथळा डोळ्यांनी वाचावा लागतो, आणि मग शीर्षकाच्या कप्प्यातील माळ पुसून तेथे तो मथळा देवनागरीत, एकेक अक्षर करून, हाताने जुळवावा लागतो.